चेक इंजिन लाइट लागली: डोंगल, गॅरेज की सर्व्हिस सेंटर?

पिवळी चेक इंजिन लाइट लागली की तीन पर्याय असतात. हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ डोंगल लावून मोबाइलवर कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) बघायचा, ओळखीच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून घ्यायचा, नाहीतर थेट कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायचं. लाइट लुकलुकत असेल तर मात्र विचार करत बसू नका, गाडी बाजूला घ्या. मोठा मिसफायर चालू असतो, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसतं, आणि न जळलेल्या पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) तापून खराब होतो. तो बदलणं फार महाग पडतं.

इंजिनचा कोड बहुतेक वेळा तिन्हीकडे तोच निघतो. पी०१७१ सांगतो की मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कोणता पार्ट गेला हे त्यात कुठेच नसतं. म्हणून कोड कोण काढतो यापेक्षा कोड निघाल्यावर कोण तपासतो, हे बघून ठरवा.

वॉरंटी संपलेली पेट्रोल गाडी असेल तर मी डोंगल नक्की घ्या असंच सांगेन. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना डॅशबोर्डच्या खाली, ड्रायव्हरच्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात डोंगल लावून अ‍ॅप उघडायचं. समजा पी०३०१ आला, म्हणजे १ नंबर सिलिंडर मिसफायर करतोय. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारा भाग) असेल, तर इंजिन बंद आणि थंड असताना १ आणि २ नंबरच्या कॉइलची अदलाबदल करा, अ‍ॅपमधून कोड उडवा (पुसून टाका) आणि गाडी फिरवून आणा. आता पी०३०२ आला तर कॉइल गेली. पी०३०१ च राहिला तर स्पार्क प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघावं लागेल. या चाचणीला एक पैसा लागत नाही.

पी०१७१ ला अ‍ॅपमध्ये फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते. आयडलिंगला तो +२० टक्क्यांच्या आसपास आणि २५०० आरपीएमला बराच खाली येत असेल, तर संशय व्हॅक्यूम पाइपच्या लीकवर घ्या, तिथून जादा हवा आत शिरते. लोड वाढताना ट्रिमही वाढत असेल, तर फ्युएल पंप किंवा फिल्टरकडे वळा. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर आधी त्याचं ट्यूनिंग तपासून घ्या.

स्वस्त डोंगलने एबीएस आणि एअरबॅगचे कोड सहसा दिसत नाहीत. आयफोन असेल तर वाय-फायचा किंवा ब्लूटूथ एलईचा घ्या, साधा ब्लूटूथवाला चालत नाही. आणि कोड उडवण्याआधी स्क्रीनशॉट काढा. लाइट लागली त्या क्षणाचं तापमान, आरपीएम, लोड गाडीने साठवून ठेवलेलं असतं. कोड उडवला की तेही जातं.

गॅरेजचं बळ स्कॅनरपेक्षा मेकॅनिकच्या हातात असतं. मल्टिमीटर लावून वायरिंग बघणारा, प्लग काढून त्याचा रंग दाखवणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका. पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं सांगणारा कोड) दिसला म्हणून लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू म्हणणाऱ्याला एकच विचारा: “सेन्सर खराब आहे हे कशावरून ठरवलं?” एक्झॉस्टला लीक असला तरी हाच कोड येऊ शकतो, कन्व्हर्टर संपत आला असला तरी हाच.

वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरच. इंजिनच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आणि इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या किल्लीच्या यंत्रणेची) कामंही तिथेच बरी. बीएस-६ डिझेलवाल्यांनीही आधी तिकडेच जावं. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रोज चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने भरतो, पी२४६३ येतो, आणि हा कोड आल्यावर सहसा हायवेवर लांब फेरी मारून भागत नाही. फोर्स्ड रिजनरेशन (स्कॅनरने हुकूम देऊन काजळी जाळणं) करावं लागतं, आणि ते साध्या डोंगलचं काम नाही. सर्व्हिस सेंटरला खर्च जास्त येतो आणि दुरुस्तीपेक्षा अख्खी असेंब्ली बदलण्याकडे कल असतो, हे धरून चाला. जॉब कार्डवर कोड लिहून घ्या आणि बदललेला पार्ट परत मागा. वॉरंटीत बदललेला पार्ट मात्र बहुधा कंपनीच ठेवून घेते.