बंड्याचं कच्चं जेवण: मालाला चार स्टार, माहितीपत्रकाला शून्य

पुण्यात कुत्र्यांसाठी फ्रोझन रॉ फूड, म्हणजे गोठवलेलं कच्चं मांस, घरपोच देणारी एक सर्व्हिस आहे, नाव घेत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत. आम्ही उन्हाळ्यापासून त्यांच्याकडून मागवतोय. बंड्या म्हणजे आमचा लॅब्राडोर आणि इंडी (देशी कुत्रा) मिक्स, वय पाच, वजन 24 किलो, आणि पोट इतकं नाजूक की किबलचा, म्हणजे कुत्र्यांच्या कोरड्या दाणेदार खाण्याचा, ब्रँड बदलला की आठवडाभर पातळ शी ठरलेली. म्हणून म्हटलं एकदा रॉ करून बघू.

आधी चांगलं सांगते. माल खरंच चांगला आहे. अर्धा किलोचे चपटे पॅक येतात, थर्माकोलच्या बॉक्समध्ये, आणि दरवेळी दगडासारखे कडक गोठलेले आले, एकदाही पाणी सुटलेलं नव्हतं. चिकनचा पॅक म्हणजे हाडासकट दळलेला खिमा, वितळल्यावर वास घेतला तर ताज्या चिकनसारखाच, आंबूस वगैरे काही नाही. रेड मीट म्हणून जो पॅक देतात तो म्हशीचा, महाराष्ट्रात 2015 पासून गाय बैलाचं मांस बंदच आहे, पण पॅकवर नुसतं रेड मीट लिहून सोडून दिलंय, सरळ म्हशीचं लिहायला काय जातं कळत नाही. बांगड्याचा पण एक पॅक आहे, तो उघडला की घरातली माणसं गॅलरीत पळतात, बंड्या मात्र वेडा होतो.

फरक काय पडला तर शी. हसू नका, कुत्रं पाळणाऱ्यांना माहितीये अर्धं आयुष्य यातच जातं. आधीच्या निम्म्याने कमी, घट्ट, आणि वास जवळजवळ नाहीच. पाणी कमी पितो, ते साहजिक आहे कारण मांसातच पाणी असतं. केस चमकायला लागले असं आई म्हणते, मला काही तसं दिसत नाही.

आता लेबलकडे येऊ. रॉवाल्यांचा नेहमीचा हिशोब 80-10-10, म्हणजे 80 टक्के मांस, 10 टक्के खाता येणारं हाड, 10 टक्के ऑर्गन म्हणजे आतले अवयव, आणि त्या दहातलं निम्मं लिव्हर आणि निम्मं दुसरं काहीतरी, किडनी किंवा तिल्ली. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला वजनाच्या दोन ते तीन टक्के, म्हणजे बंड्याला साधारण 600 ग्रॅम आणि त्यात लिव्हर 30 ग्रॅम. हे 30 चे 100 रोज होत राहिले तर व्हिटॅमिन ए अंगात साचत जातं आणि पुढे हाडांचं दुखणं लागतं, म्हणून आकडा महत्त्वाचा. यांच्या पॅकवर लिहिलंय फक्त 'मीट, बोन, ऑर्गन'. व्हॉट्सॲपवर विचारलं ऑर्गन म्हणजे नेमकं काय, तर उत्तर आलं लिव्हर, हार्ट आणि पोटा. अहो पण हार्ट आणि पोटा हे स्नायू आहेत, रॉ च्या हिशोबात ते मांसातच धरतात, म्हणजे दुसरा ऑर्गन यात नाहीच! हाडाचं प्रमाण विचारलं तर 'बॅलन्स्ड आहे मॅडम, काळजी करू नका'. मधे एका खेपेला शी पांढरी, खडूसारखी भुसभुशीत व्हायला लागली, म्हणजे हाड जास्त पडलंय. तेव्हापासून मी यांच्या पॅकमध्ये बिनहाडाचं मांस मिसळते आणि किडनी वेगळी आणते. मग 'कम्प्लीट मील' चे पैसे कशाचे घेताय? नुसत्या चिकनवर झिंक, मँगनीज, व्हिटॅमिन ई, आयोडीन कमी पडू शकतं हे रॉ चा विषय जरा वाचलेल्या कुणालाही माहिती असतं, ते कुठून भरून काढताय ते तरी लिहा.

आणि ते माहितीपत्रक! पहिल्या बॉक्सबरोबर येतं, त्यावर लांडग्याचा फोटो आणि खाली लिहिलंय की तुमचा कुत्रा आतून लांडगाच आहे, धान्य त्याला पचतच नाही. हे साफ चुकीचं आहे. 2013 मध्ये स्वीडनच्या उप्साला युनिव्हर्सिटीच्या लोकांनी नेचर या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की कुत्र्यांमध्ये पिष्ट पचवणाऱ्या जीनच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, माणसाच्या उष्ट्यावर जगत जगत तेवढा बदल झालाय. आणि त्यासाठी स्वीडनला कशाला जायला पाहिजे, आपल्याकडे गावोगावची कुत्री पिढ्यानपिढ्या भाकरी आणि ताकावर जगलीच ना. कच्चं द्यायचं तर द्या, पण लांडगा मधे आणू नका. पुढे लिहिलंय की डॉक्टर लोक किबल कंपन्यांच्या कमिशनमुळे विरोध करतात. अमेरिकेतल्या व्हेट, म्हणजे जनावरांच्या डॉक्टर लोकांच्या संघटनेने 2012 मध्ये कच्च्या मांसाविरुद्ध भूमिका घेतली त्याचं कारण साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय हे जंतू होते, आणि बार्फ, म्हणजे कुत्र्याला कच्चं मांस आणि हाडं घालायची कल्पना, 1993 मध्ये गाजवली ती पण एका ऑस्ट्रेलियन व्हेटनेच. दोन्ही बाजूला डॉक्टर आहेत हो.

जंतूंबद्दल पत्रकात एकच ओळ, 'फ्रीझ केल्यामुळे सुरक्षित'. फ्रीझिंगने काही जंत मरतात हे खरं, साल्मोनेला मरत नाही, तो झोपतो आणि वितळला की उठतो. 2024 च्या शेवटी नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या गेला, बर्ड फ्लू, एच5एन1, आणि संशय कच्च्या चिकनवरच होता. ती मांजरकुळातली जनावरं, कुत्र्यांना त्याचा त्रास कमी होतो, तरी बर्ड फ्लूची बातमी आली की आमच्याकडे चिकन उकडूनच जातं, आणि ते बिनहाडाचं, कारण शिजवलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होतात. मेंढीचं कच्चं लिव्हर किंवा फुफ्फुस तर ताजं कधीच देत नाही, त्यात पाण्याच्या गाठी असतात त्यातून कुत्र्याला टेपवर्म होतो आणि त्याच्या शीतून माणसाला, मग आपल्याच लिव्हरमध्ये गाठ. हे खाटकांना चांगलं माहिती असतं, गाठ दिसली की ते स्वतः बाजूला टाकतात, निदान आमचा तरी टाकतो.

घरात हे सांभाळणं हा वेगळाच विषय. सासूबाई वर्षभर काही बोलत नाहीत पण श्रावणात फ्रीजर उघडला की चेहरा बघवत नाही, शेवटी छोटा डीप फ्रीजर घेऊन ड्राय बाल्कनीत ठेवला. गुरुवारी लाइट जाते तेव्हा तो उघडायचा नाही असा नियम केलाय. पॅक आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवायचा, ओट्यावर नाही, वाडगा स्टीलचा आणि लगेच साबणाने धुवायचा, आणि जेवल्या जेवल्या बंड्याने तोंड चाटायला यायचं नाही, हे शेवटचं अजून जमलेलं नाही. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा केमो चालू असलेलं कुणी असेल तर या फंदात पडूच नका.

किंमत 400 रुपये किलो, म्हणजे आम्हाला महिन्याला 7,200 च्या आसपास, डिलिव्हरी वेगळी. चिकनवाल्याकडून माना, पोटा, लिव्हर आणून घरी वजनकाट्यावर मोजून केलं तर निम्म्यात होतं, पण रविवारची सकाळ त्यात जाते आणि ओटा नंतर तासभर घासावा लागतो. एक मात्र, दुकानदार प्रेमाने मटणाची नळी देतो ती देऊ नका, असल्या कडक हाडाने दाढ चिरते आणि ते बिल महिन्याच्या जेवणापेक्षा मोठं असतं.

मी ऑर्डर बंद केलेली नाही, फक्त चिकनचा 'कम्प्लीट' पॅक सोडलाय. म्हशीचा बिनहाडाचा आणि बांगड्याचा घेते, बाकीचं घरी. त्यांना लेबलवर टक्के टाका म्हणून दोनदा लिहिलंय, अंगठा आला, लेबल तेच आहे. नवीन घेणाऱ्यांनी सरळ फोन करून हाड किती टक्के आणि दुसरा ऑर्गन कोणता हे दोनच प्रश्न विचारा, आणि पपी असेल तर उत्तर लेखी आल्याशिवाय घेऊ नका, वाढत्या वयात कॅल्शियमचा घोळ झाला तर पाय वाकडे होतात.