तान्ह्या पोळ्याचे नंदी ओतायचेत, साचा टिनवाल्या सिलिकॉनचा की प्लॅटिनमवाल्या?

मागच्या पोळ्यापासून चार जणांनी तरी विचारलं, भाऊ नंदीचा साचा करायचा आहे, सिलिकॉन रबर कोणतं घेऊ, दुकानदार दोन डबे दाखवते, एक टिननं घट्ट होणारं, दुसरं प्लॅटिनमनं, अन् महाग तोच चांगला म्हणते. ते अर्धंच खरं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, पीओपीचे नंदी ओतायचे असतील अन् पहिलाच साचा असेल तर टिनवालंच घ्या. प्लॅटिनमवालं कधी घ्यायचं तेही सांगतो, पण ते घट्ट कसं होते हे समजल्याशिवाय घेऊ नका, नाहीतर पैसे मातीत जातील, अन् माझे तर खरोखर मातीतच गेले.

प्लॅटिनमवाल्यात दोन भाग येतात. एकात सिलिकॉन (इथं रबर नाही, त्यातलं मूलद्रव्य) अन् हायड्रोजनचे बंध असलेल्या साखळ्या, दुसऱ्यात कार्बनचा दुहेरी बंध असलेल्या साखळ्या अन् चिमूटभर म्हणणंही जास्त होईल इतकं प्लॅटिनम, किलोला साधारण ५ ते २० मिलिग्रॅम. बैलबाजारात दलाल कसा रुमालाखाली बोटं धरून सौदा जमवते, तसं याचं काम. प्लॅटिनमचा अणू सिलिकॉन अन् हायड्रोजनच्या मध्ये घुसते, त्यांचा बंध तुटते अन् दोघंही त्यालेच धरतात, एका हाताला सिलिकॉन, दुसऱ्या हाताला हायड्रोजन. मग दुहेरी बंधवाली जोडी येऊन त्यालेच चिकटते, हायड्रोजन एका कार्बनवर जाते, शेवटी सिलिकॉन दुसऱ्या कार्बनशी जुळते अन् प्लॅटिनम मोकळं होऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे. हा क्रम चॉक अन् हॅरोड या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडला. कधी हायड्रोजनच्या आधी सिलिकॉनच कार्बनवर सरकते असाही एक प्रकार आहे, पण आपल्या साच्याले त्यानं काही फरक पडत नाही. आपल्या कामाचं एवढंच की प्लॅटिनम अन् सिलिकॉनचा बंध जुळलाही पाहिजे अन् सुटलाही पाहिजे, जुळलाच नाही तर सौदा नाही अन् सुटला नाही तर दलाल तिथंच अडकला.

आता माझी फजिती. नंदीची मूळ मूर्ती मी बाजारातल्या तेलकट क्लेची केली, त्यात गंधक असते हे माहीत नव्हतं. दोन किलो प्लॅटिनमवालं ओतलं, दुसऱ्या दिवशी बाहेरून मस्त रबर अन् आतून, जिथं नंदीचा चेहरा यायचा तिथंच, काकवीसारखं चिकट. गंधक प्लॅटिनमचा असा हात धरते की सोडतच नाही, मग सिलिकॉनले धरायला हातच उरत नाही. आठवडाभर ठेवलं तरी ते घट्ट होत नाही बाप्पा, फेकावंच लागते. लॅटेक्सचे हातमोजे घातले तरी हेच, टिनवालं कालवलेलं भांडं न धुता वापरलं तरी हेच. दलाल किलोमागे मिलिग्रॅमभरच, त्याले अडकवायला कितीसं लागते!

टिनवाल्यात ही भानगड नाही. टिन म्हणजे आपलं कथील, ते प्लॅटिनमसारखं ट्रान्झिशन मेटल नावाच्या धातूंच्या गटातलंही नाही, अन् तिथं सिलिकॉन धातूशी सोयरीक करतच नाही, सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी जोडणी होते अन् अल्कोहोल बाहेर पडते. गंधकाची क्ले असो की आणखी काही, त्याले फारसा फरक पडत नाही. पण ते अल्कोहोल उडून गेलं की साचा थोडा आखडते, टक्क्याच्या आतबाहेर. फूटभर नंदी दोन-तीन मिलिमीटर लहान झाला तर पोरं काही मोजत नाहीत. महालक्ष्म्यांचा मुखवटा जुन्या धडावर बसवायचा असेल तर मात्र तेवढंच नडते, तिथं प्लॅटिनमवालं घ्या, ते जवळपास आखडतच नाही. चॉकलेट किंवा मोदकाचे साचे असतील तरी प्लॅटिनमवालंच, अन् तेही फूड ग्रेड लिहिलेलं. टिनवाल्यात खाण्याचं काही ओतूच नका.

टिकण्यातही प्लॅटिनमवालं पुढं. टिनवाला साचा दोन-तीन वर्षांत कडक होऊन शिंगांपाशी फाटते, तुम्ही वापरा की नुसता ठेवा. पण नंदीची डिझाइन तुम्ही दर दोन वर्षांनी बदलणारच असाल तर दहा वर्षांच्या साच्याचे पैसे कायले द्यायचे.

मापाचं म्हणाल तर प्लॅटिनमवालं बहुतेक एकास एक असते, दोन सारखे गिलास पुरतात. टिनवाल्यात हार्डनर शंभराले दोन-तीनच ग्रॅम, किराण्याच्या काट्यावर ते जमत नाही, सोनारासारखा बारीक काटा लागते. अन् साचे आपण करतो मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत. प्लॅटिनमवालं उन्हानं भराभर घट्ट होते, डब्यावर अर्धा तास लिहिला असेल तर दहा मिनिटं धरा, पहाटे ओतलेलं बरं. टिनवाल्याले हवेत थोडी ओल लागते, कोरड्या उन्हाळ्यात ते रेंगाळते, कूलरच्या खोलीत ठेवलं की होते.

इतकं वाचूनही प्लॅटिनमवालंच घ्यायचं ठरवलं असेल तर आधी दोन चमचे कालवून मूर्तीच्या बुडाले लावा अन् रात्रभर ठेवा. सकाळी नखाले चिकटलं तर त्या मूर्तीवर टिनवालंच ओता.