न्यू स्वीडनमधला पूर्वज: शोध डेलावेअरमधून की स्वीडनमधून?

पूर्वज १६३८ ते १६५५ दरम्यान अमेरिकेतल्या डेलावेअर नदीकाठच्या ‘न्यू स्वीडन’ या स्वीडिश वसाहतीत आला, एवढंच ठाऊक असेल तर पहिला प्रश्न येतो तो शोध कुठून सुरू करायचा याचा.

खर्चात फारसा फरक नाही. स्वीडिश राष्ट्रीय अभिलेखागाराची डिजिटल कागदपत्रं मोफत आहेत, तर डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनच्या होली ट्रिनिटी या स्वीडिश वसाहतकऱ्यांच्या चर्चच्या नोंदींचं इंग्रजी भाषांतर १८९० मध्येच छापलं गेलं.

खरा फरक सापडण्याच्या शक्यतेत आहे. स्वीडनमध्ये चर्चच्या नोंदवह्या देशभर सक्तीच्या झाल्या त्या १६८६ च्या कायद्याने, म्हणजे तुमचा माणूस निघून गेल्यावर. त्याआधीच्या कर-याद्या बहुधा कुटुंबप्रमुखापुरत्या असतात आणि गाव माहीत नसेल तर हाती काही लागत नाही. डेलावेअरकडे १६९३ ची स्वीडिश कुटुंबांची यादी, न्यायालयीन कागद, जमिनीचे दस्तऐवज आणि मृत्युपत्रं आहेत.

आडनावाने मात्र दोन्हीकडे चकवा बसतो. वसाहतकरी स्वेन गुन्नारसनची मुलं वडिलांच्या नावावरून स्वेनसन झाली, पुढे स्वान्सन. म्हणून नावापेक्षा जमीन, शेजारी आणि साक्षीदार यांचा माग काढा. बरेच वसाहतकरी फिनिश वंशाचे होते, हेही ध्यानात असू द्या. इंग्रजी कागदांत १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा एका वर्षाने चुकतात.

वंशावळ जोडायची असेल तर डेलावेअरपासून, आजच्या पिढीकडून मागे जा. मूळ गाव एखाद्या कागदात लिहिलेलं सापडलं असेल, तरच स्वीडनकडे वळा. नुसत्या नामसाधर्म्यावर तिथली वंशावळ जोडू नका.