राखाडी पट्टा नुसता रंगवलेला निघाला

रोज डांबरी रस्त्यावर पळणाऱ्यांनी, त्यातही ज्यांचं पाऊल आतल्या बाजूला झुकतं त्यांनी हे जरूर वाचावं. मला विकलेले पळण्याचे बनावट बूट हातात घेऊन पाहिले तरी खरेच वाटतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

साध्या कुशनिंगच्या बुटात मिडसोलचा, म्हणजे तळातल्या मधल्या मऊ थराचा, फोम सगळीकडे सारखाच असतो. जुन्या पद्धतीच्या स्टॅबिलिटी बुटात, म्हणजे आत झुकणाऱ्या पावलाला आधार देणाऱ्या बुटात, आतल्या कडेला, टाचेपासून तळपायाच्या कमानीखालपर्यंत, जास्त घट्ट फोमचा तुकडा बसवलेला असतो. बहुतेक वेळा तो राखाडी असतो. पाय आत कलू लागला की ही बाजू कमी दबते आणि कलणं आटोक्यात राहतं. अलीकडे कंपन्या हा तुकडा काढून टाकत आहेत. ब्रुक्सच्या अॅड्रेनलिनमध्ये एकोणिसाव्या आवृत्तीपासून टाचेच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या कडा आल्या. असिक्सच्या जेल-कायानोमध्ये 2023 च्या तिसाव्या आवृत्तीत रुंद तळ आणि कमानीखाली वेगळ्या फोमचा भाग आला. नवी रचना अनेकांना आवडते. पण वर्षानुवर्षं घट्ट तुकड्याच्या बुटात पळालेले माझ्यासारखे लोक जुनी आवृत्ती शोधत राहतात, आणि फसवणारे नेमके त्यांनाच गाठतात.

मला हवी ती आवृत्ती एका मोठ्या ऑनलाइन बाजारात 'गोदामातला शिल्लक माल' म्हणून दिसली. बुटाच्या कंपनीचं नाव घेत नाही, तिचा यात दोष नाही. विक्रेत्याने स्वतःला अधिकृत म्हणवलं होतं आणि खाली ढीगभर चांगले अभिप्राय होते. त्यातले कितीतरी मुळात बॅगेबद्दलचे होते, म्हणजे जुन्या वस्तूचं पान बदलून त्यावर बूट चढवले होते. त्याने माझ्या ओल्या पावलाच्या ठशाचा फोटो मागवला आणि 'तुम्हाला हाच बूट लागणार' असं ठामपणे कळवलं. अशा ठशावरून कमानीचा आकार ठरवून कुणी बूट विकत असेल तर सावध व्हा. अमेरिकी सैन्यदलांत 2009-10 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांमध्ये कमानीच्या आकारावरून बूट दिलेल्या नवशिक्या सैनिकांच्या दुखापती इतरांपेक्षा कमी झाल्या नाहीत. याचा अर्थ असे बूट निरुपयोगी आहेत असा नाही. लक्झेंबर्गमधल्या 2016 च्या अभ्यासात पाय आत झुकणाऱ्या धावपटूंना आधाराच्या बुटांचा फायदा दिसला होता. पण ते पाऊल पळताना कसं पडतं ते पाहून ठरवायचं असतं, ओल्या ठशावरून नाही.

बूट आले तेव्हा पायाला मऊ लागले. थोड्याच दिवसांत घोट्याच्या आतून आणि नडगीच्या आतल्या कडेने दुखायला लागलं. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, 'स्टॅबिलिटी बूट सुरुवातीला दुखतातच, पायाला सवय होऊ द्या.' या वाक्याचा मला अजूनही संताप येतो. पळण्याचा योग्य बूट पहिल्यांदा घातला तेव्हापासूनच सुखावह वाटायला हवा. नडगीचं दुखणं दामटून पळत राहिलं तर हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. पैसे घेऊन वर असा सल्ला देणारा माणूस दुसऱ्याच्या पायाशी खेळतो आहे.

मग बूट टेबलावर ठेवून मागून पाहिले. दोन्हींच्या टाचा आत कलल्या होत्या. चांगल्या बुटाचं आयुष्य साधारण 500 ते 800 किलोमीटर धरतात, हे त्याच्या जवळपासही गेले नव्हते. अंगठ्याने मिडसोल दाबला, आधी बाहेरून, मग आतून. राखाडी भाग घट्ट लागायला हवा होता, पण दोन्हीकडे अंगठा सारखाच रुतला. टाचेची मागची वाटी दोन बोटांत सहज चेपली. पुढचा भाग वर वाकवला तर बूट चवड्यापाशी वाकण्याऐवजी मधोमध दुमडला. जिभेच्या आतल्या लेबलवर लिहिलेलं सेंटिमीटरचं माप आणि शेजारचं युरोपी माप एकमेकांशी जुळत नव्हतं. तिथला कोड कंपनीला कळवला, तेव्हा त्यांनी लेखी सांगितलं की तो दुसऱ्याच मॉडेलचा आहे.

बाजाराच्या ग्राहकसेवेने 'वापरलेला माल' म्हणत तक्रार बंद केली. त्यानंतर मी एक बूट सुरीने आडवा कापला. आतून फोम एकसंध, पांढरा, एकाच घट्टपणाचा होता. राखाडी पट्टा म्हणजे वरून मारलेला रंग होता, नखाने खरवडला तर निघत होता. ज्या एका तुकड्यासाठी मी जुनी आवृत्ती शोधत होते, तोच त्यात नव्हता.

पैसे कार्डाने भरले होते म्हणून बँकेकडे दाद मागता आली. कंपनीचं लेखी उत्तर, लेबलचे फोटो आणि विक्रेत्याशी झालेला सगळा संवाद दिल्यावर रक्कम परत मिळाली. विक्रेत्याने आधी सवलतीचं आमिष दाखवून थेट खात्यात पैसे मागितले होते. तसे दिले असते तर ते परत मिळवायला हा मार्ग उरला नसता. बूट हाती आले की रस्त्यावर न्यायच्या आधी घरातच ही दाबण्या-वाकवण्याची तपासणी करा आणि खोका, लेबल, तळवा यांचे फोटो काढून ठेवा. सोल स्वच्छ असताना परतीचा हक्क सहसा शाबूत असतो.

तेच फोटो आणि तेच वर्णन आता दुसऱ्या नावाने पुन्हा विक्रीला आलं आहे. सगळे फोटो बाहेरच्या बाजूचे, आतल्या कडेचा एकही नाही. राखाडी भाग अंगठ्याने दाबतानाचा व्हिडिओ मी तिथे मागितला आहे, अजून उत्तर नाही. तुम्हीही घेण्याआधी तो मागा.