आयआयएफटीचं एमबीए की बी.कॉम. करून न्हावा-शेवा?

निर्यातीच्या कामात शिरायच्या या दोन वाटा. आयआयएफटीचं (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेड) एमबीए (आंतरराष्ट्रीय व्यवसाय) दोन वर्षांचं. प्रवेशासाठी कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, फी लाखांत. पुढे परदेशी बाजारपेठ निवडणं, भाव ठरवणं, चलनाची जोखीम सांभाळणं अशी कामं मिळतात. बी.कॉम. करून न्हावा-शेवा बंदराजवळ उरण-पनवेलकडे कस्टम्स ब्रोकरकडे (कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याकडे) लागलात तर सुरुवातीचा पगार बेताचाच, पण शिपिंग बिलावर (निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायच्या कागदावर) हात बसतो. परीक्षा देऊन जी-कार्डही (ब्रोकरच्या वतीने कस्टम्सचं काम करण्याचं ओळखपत्र) मिळवता येतं.

खरी मेख कागदपत्रांत आहे, आणि ती वर्गात नीट कळत नाही. युरोपला जाणाऱ्या हापूसला ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं बुडवावं लागतं, अमेरिकेसाठी विकिरण (किडी मारायला किरणांचा मारा) करावं लागतं. फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) दोन्हीकडे लागतंच. कोळंबीचा रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर एलसीवर, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर (लेटर ऑफ क्रेडिट) गेला, तर एलसी, इन्व्हॉइस आणि बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढवल्याची जहाज कंपनीची पावती) यांचा मेळ बसायला हवा. मालाचं वर्णन किंवा बंदर जुळलं नाही की बँक पैसे अडवते. एलसीत वेगळी मुदत नसेल तर माल चढवल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत पोचायला हवेत. शेवटच्या दिवशी धावपळ केली की दुरुस्तीला वेळच उरत नाही.

घरची बाग किंवा मासळीचा धंदा असेल तर आधी ब्रोकरकडे दोन हंगाम काढा, एमबीए नंतर करा. मुंबईत कॉर्पोरेट नोकरीच हवी असेल, तर मात्र सरळ कॅटच्या तयारीला लागा.