स्पिटफायरचा कॅमोफ्लाज: मोकळ्या हाताने की वळ्या लावून?

स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या १/७२ प्रमाणातल्या मॉडेलवर एअरब्रशने डार्क अर्थ-डार्क ग्रीन (मातकट तपकिरी-गडद हिरवा) मारताना आधी हिशेब करा: मॉडेलवर दोन रंगांमधली १ मिमी धूसर कड म्हणजे खऱ्या विमानावर ७२ मिमी.

मोकळ्या हाताला मास्किंग (रंग नको तो भाग झाकणं) नको, पण एअरब्रशला ०.२ मिमी सुई आणि १०-१२ पीएसआय हवेचा दाब हवा. रंग फार पातळ झाला की कोळ्याच्या पायांसारखे ओघळ फुटतात. जाड राहिला की सुईच्या टोकावर सुकून ठिपके उडतात. (बाटलीवर ‘थेट एअरब्रशसाठी’ छापलेलं असलं तरी थोडा थिनर लागतोच.)

ब्लू-टॅकच्या (मऊ, चिकट पुटी) ३ मिमी जाड वळ्या दोन रंगांच्या सीमेवर लावायला वेळ जातो, मात्र ०.३ ची सुईही चालते. फवारा काटकोनातच धरा. तिरपा गेला तर वळीखाली शिरतो. रंग सुकताच वळ्या काढा, नाहीतर उन्हाळ्यात तेलकट डाग राहतात.

नवशिक्यांनी आणि १/७२ वाल्यांनी वळ्याच घ्याव्यात. मोठं १/३२ मॉडेल आणि बसलेला हात असेल तर मोकळं मारा.