३० एप्रिल, १ मे की ३ मे? गावच्या वाचनालयासाठी तीन दिवसांची तुलना

संगीत, मोटार शर्यत आणि चित्रपट या तिन्ही क्षेत्रांतील स्मरणाचे दिवस ३० एप्रिल ते ३ मे या काळात लागोपाठ येतात. वर्षाकाठी एकाच कार्यक्रमापुरती वर्गणी जमवू शकणाऱ्या वाचनालयाला त्यांतून एकाचीच निवड करावी लागते.

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे तुकडोजी महाराजांचा जन्म झाला. खंजिरी गावात आहे, भजने तोंडपाठ आहेत आणि खर्च नाममात्र आहे. परंतु त्यांच्या अनुयायांची गुरुदेव सेवा मंडळे हा दिवस ग्रामजयंती म्हणून साजरा करतातच, तेव्हा त्याच चौकात वाचनालयाने वेगळी सतरंजी अंथरण्याचे कारण दिसत नाही.

१ मे १९९४ रोजी इटलीतील इमोला येथे शर्यतीतील अपघातात ब्राझीलचा फॉर्म्युला वन मोटार शर्यतपटू आयर्टन सेना मरण पावला. आदल्याच दिवशी, तेथेच, पात्रता फेरीत दुसरा शर्यतपटू रोलांड रॅट्झेनबर्गरचा बळी गेला होता. त्यानंतर फॉर्म्युला वनमधील सुरक्षेचे नियम कडक झाले. महाराष्ट्र दिनाच्या ध्वजारोहणानंतर मुलांना हेल्मेटविषयी चार शब्द सांगण्यास हा प्रसंग उत्तम आहे. मात्र शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, लोटणारे गाव मोटारींच्या शर्यतीसाठी संध्याकाळभर बसेल, असे वाटत नाही.

माझा कौल ३ मेला आहे. १९१३ साली याच दिवशी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. स्त्री कलाकार मिळेनात, म्हणून तारामतीची भूमिका उपाहारगृहात स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंके यांना देण्यात आली. दंडार या लोकनाट्यात लुगडे नेसून नाचणारे पुरुष पाहिलेल्या झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भातील, वडीलधाऱ्यांना यात काहीच नवल वाटणार नाही, उलट त्यांच्याकडून त्या काळच्या आठवणी काढून घेता येतील. चित्रपट मूक असल्याने ध्वनिक्षेपक लागत नाही. पडद्याशेजारी उभे राहून एखाद्या शिक्षकाने कथा सांगितली की पुरे. आज त्याचा काही भागच शिल्लक असल्यामुळे लहान मुलेही कंटाळत नाहीत.

अडचण उन्हाची आणि लग्नसराईची आहे. दिवसभर तापलेल्या अंगणात अंधार पडल्याशिवाय कोणी बसणार नाही, आणि बिछायतवाल्याला महिनाभर आधी सांगितले नाही तर खुर्च्या मिळणार नाहीत. ३ मेला गावात लग्न असेल, तर गुरुदेव सेवा मंडळाशी बोलून ३० एप्रिललाच सामुदायिक प्रार्थनेनंतर पडदा लावावा. १८७० साली फाळके यांचा जन्मही त्याच तारखेला झाला होता.